सर्वांना प्रवेश विनामूल्य

कार्यक्रमपत्रिकेच्या अगदी तळाशी एक ओळ छापलेली असते: सर्वांना प्रवेश विनामूल्य. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते, त्यामुळे मराठीच्या बहुतेक पत्रिका शिपाई माझ्याच टेबलावर आणून ठेवतो. ती ओळ मी वर्गात मोठ्याने वाचते. दर वर्षी एखादी तरी मुलगी विचारतेच, “आपा, सर्वांना म्हणजे अपने को भी?”

मुली हसतात. मला मात्र या प्रश्नाचं हसू येत नाही.

आमचं सोलापूर चार भाषांचं गाव आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. महापालिकेच्या शाळासुद्धा या चारही माध्यमांच्या. गावात कार्यक्रमांना तोटा नाही. व्याख्यानं, ग्रंथप्रदर्शनं, एकांकिका, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, काही ना काही चालूच असतं. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, आमची गड्ड्याची जत्रा. संक्रांतीच्या आगेमागे होम मैदानावर पाळणे उभे राहिले की मोहल्ल्यातली पोरं अभ्यास विसरतात. गड्ड्याला जाताना कुणी विचारत नाही की आपण जायचं का. आमची अम्मी आम्हाला न्यायची, तिची अम्मी तिला न्यायची. बांगड्या घ्यायच्या, पाळण्यात बसून ओरडायचं, येताना बत्तासे आणायचे. गड्ड्याची पत्रिका आमच्या घरी कधी आली नाही आणि तिची वाटही कुणी पाहिली नाही.

सभागृहातल्या कार्यक्रमाचं तसं नाही. तिथे दार असतं, खुर्च्या असतात, पहिल्या दोन रांगांवर ‘राखीव’ असा कागद असतो. दार उघडं असलं तरी आत जायची सवय लागते, आणि ती सवय घरातून येते. ज्या घरातून कुणीच कधी व्याख्यानाला गेलेलं नाही, त्या घरातल्या मुलीला ‘विनामूल्य’ हा शब्द पुरत नाही. कार्यक्रमाची बातमी मराठी पेपरात येते आणि तिच्या घरी, येत असलाच तर, उर्दू पेपर येतो. म्हणून काही वर्षांपासून आठवी-नववीच्या मुलींना मीच घेऊन जाते. कधी आठ, कधी बारा. प्रत्येकीच्या घरी आधी जाऊन सांगावं लागतं. आयांचं उत्तर ठरलेलं: “तुम लेके जारैं ना आपा, फिर ठीक है. पन आठ के अंदर घर.”

हे ‘आठ के अंदर’ आयोजकांना कसं समजवावं, हे मला अजून कळलेलं नाही. पत्रिकेवर वेळ सहाची. पाहुणे पावणेसातला येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. ज्यांचा सत्कार झाला ते ज्यांचा राहिला त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून सूत्रसंचालकाकडे पाठवतात. मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा साडेसात झालेले असतात आणि मी मुलींना खुणेने उठवत असते. एका नामवंत वक्त्याचं आम्ही ‘उपस्थित मान्यवर’ एवढंच ऐकलंय! घरून मिळालेल्या दोन तासांतला दीड तास शाली खातात. शिवाय हिवाळ्यात सहाची वेळ म्हणजे मगरिबच्या नमाजची. घरातली पुरुषमाणसं मशिदीत, आया चुलीपाशी, सोडायला कोण येणार? हाच कार्यक्रम चार वाजता ठेवला तर काय बिघडेल? हे मी दोन-तीन ठिकाणी पत्राने विचारलं. उत्तर आलं नाही.

एकदा एका सभागृहाच्या दारात स्वयंसेवकाने आमच्या मुलींचे स्कार्फ बघून फार अदबीने सांगितलं, “मॅडम, उर्दूचा कार्यक्रम इथे नाही.” तो वाईट माणूस नव्हता, मदतच करत होता. मी म्हटलं, “दादा, आम्ही मराठीच्याच कार्यक्रमाला आलोय.” त्याने लगेच खुर्च्या दाखवल्या. पण माझ्या मागे उभ्या मुलींनी ते वाक्य ऐकलं होतं. पुढच्या खेपेला बारातल्या सातच आल्या.

म्हणूनच मी १२ जानेवारी सोडत नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. हे आमच्या गावाचे चार हुतात्मे. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवत होता. मुलींना सांगितलं की तो विशीतला तरुण होता, तर त्या आधी आपापल्या भावांची वयं मोजतात.

मागच्या खेपेला चार पुतळ्यांपाशी हार घालताना माइकवरून चौघांची नावं घेतली गेली. चौथं नाव नुसतंच ‘कुर्बान हुसेन’ असं आलं, तर माझ्या शेजारची नववीतली मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, “अब्दुल रसूल बोले नइं.” नाव अर्धं राहिलं हे तिला खटकलं. त्या दिवशी ती पाहुणी म्हणून आलेली नव्हती, एवढं मला कळलं.

आता थोडं आपल्या घरात. आपले मुशायरे रात्री दहाला सुरू होतात आणि दोनला रंगात येतात. बायकांनी कधी ऐकायचे? कुठे पडदा लावून कोपरा देतात, कुठे तोही नाही. दुसऱ्याच्या सभागृहात वेळेची तक्रार करणारी मी आपल्या शामियान्यात गप्प बसणार नाही. शासनाने नांदेड, मालेगाव आणि सोलापूरसाठी उर्दू घरं मंजूर केली, त्याचा मला आनंद आहे. पण ‘तुमच्यासाठी उर्दू घर आहे ना’ असं कुणी म्हटलं की मला दारातला तो स्वयंसेवक आठवतो. याच सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. फकरुद्दीन बेन्नूर सरांसारख्या माणसांनी ते उभं केलं, ते मराठी आपलीच आहे हे सांगायला. शाहीर अमर शेख आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांचा डफ गावोगाव वाजला. मुलींना हे माहीत असायला हवं. ते वर्गात सांगता येतं, पण हजारभर लोकांत बसून ऐकण्याची गोष्ट वेगळी.

गेल्या फेब्रुवारीत एका मुलीबरोबर तिची अम्मी आली. शिवणकाम करते, मराठी समजतं, बोलायला लाजते. पुढे खुर्च्या रिकाम्या असून ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. मी बोलावलं तर हातानेच ‘ठीक है’ म्हणाली. एका कवयित्रीने आईवरची कविता वाचली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. नकाबच्या आत ती हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. रिक्षात बसल्यावर तिने एवढंच विचारलं, “आपा, अगला कब है? और कित्ते बजे?”

तारीख सांगितली. वेळ मात्र सांगता आली नाही. पत्रिकेवर सहा छापलेले होते.