तीन मोती ऐकणाऱ्याचे

आटपाट नगर कुठल्या जिल्ह्यात येतं, असं कुणी विचारत नाही. तिथे एक राजा असतो, एक दरिद्री ब्राह्मण असतो आणि सुना असतात. तीन असतात, चार असतात, कधी सातही असतात. मोठ्या सुना शेतावर गेल्या की धाकटीच्या वाट्याला चूल येते. देव येतो तो नेमका त्याच वेळी. देवळात तिची वाट पाहत बसण्याइतका वेळ त्याला नसावा, किंवा तिला देवळात जायला वेळ नाही हे त्याला ठाऊक असावं.

श्रावण लागायच्या आधीच बाजारात जिवतीचा कागद येतो. वर नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, पोरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. त्याच दुकानात, उदबत्त्यांच्या पुड्यांशेजारी, कहाण्यांचं पुस्तक मिळतं. कागद पातळ, बांधणी अशी की दुसऱ्या श्रावणात पानं सुटी होतात. वाराला एकेक कहाणी. मराठी साहित्याच्या चर्चासत्रांत या पुस्तकाचं नाव सहसा निघत नाही. पण घराघरांत ते वर्षानुवर्षं मोठ्यानं वाचलं गेलं आहे. मला तर देवाधर्माची पहिली ओळख याच पुस्तकानं करून दिली, आणि ती अशी झाली की पुढे तत्त्वज्ञानाची जाड पुस्तकं हातात आली तेव्हा त्यांत भाजी-भाकरीचा पत्ता नाही याचंच नवल वाटलं.

शनिवारच्या कहाणीत घरात खायला फारसं काही नसतं. माळ्यावरचे उरलेसुरले दाणे दळून भाकरी करायची, केनीकुर्डूची भाजी करायची, असं सांगून सगळी शेतावर जातात. केनी आणि कुर्डू पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवतात, त्यांना पैसे पडत नाहीत. ज्या कुणी बाईनं ही कहाणी पहिल्यांदा सांगितली तिला ते पक्कं माहीत होतं. शनिदेव येतो तो महारोग्याच्या रूपात. अंगाला लावायला तेल दे, आंघोळीला ऊन पाणी दे, जेवू घाल, म्हणतो. धाकटी सून देते. जेवून तो उष्टी पत्रावळ वळचणीला खोचून निघून जातो. घरची माणसं येतात तेव्हा त्या वळचणीत हिरे-माणकं सापडतात. हिऱ्या-माणकांचं मला विशेष काही नाही. मला ती वळचण आवडते. उष्टं पान खोचायची जागा कुठली, हे माहीत असलेला देव!

बुध-बृहस्पतीच्या कहाणीत मामा-भाचे रोज भिक्षेला येतात आणि राजाच्या सुना म्हणतात, आमचे हात रिकामे नाहीत. पुढे घरावर दारिद्र्य येतं, कामच उरत नाही आणि हात खरोखर रिकामे होतात. इतका नेमका टोमणा कुठल्या विनोदी लेखकाला सुचला असता? मला हे वाचताना दर वेळी आमच्या सोसायटीतली दारावरची घंटा आठवते. ती वाजली की आतून आधी आवाज येतो, ‘कोण आहे? बिझी आहोत.’

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी मात्र मी सगळ्यांत वरची मानतो. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटवली जाते: गावातलं सगळं दूध देवळात आणा. धाकानं लोक आणतात. वासरांना ठेवत नाहीत, पोरांना देत नाहीत. चरव्यांमागून चरव्या रिकाम्या होतात, पण गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. घरचं कामकाज आटोपून, मुलाबाळांना खाऊ-पिऊ घालून, लेकी-सुनांना न्हाऊ घालून, गाई-वासरांचं बघून निघालेली. हातात खुलभर दूध. ती ते ओतते आणि गाभारा काठोकाठ भरतो. तिसऱ्या सोमवारी राजा दाराशी दबा धरून तिला पकडतो. म्हातारी शहाणी, आधी अभय मागून घेते, मग सांगते. तुझ्या हुकमानं वासरं तळमळली, पोरं तळमळली, मोठ्या माणसांचे हाय हाय माथी आले, देवाला ते चालत नाही.

या म्हातारीनं भक्तीचा क्रम लावून दिला आहे. आधी घर, मग पोर, मग वासरू, आणि उरलेलं देवाला. उरलेलं, म्हणजे उष्टं किंवा टाकाऊ नव्हे. सगळ्यांचं भागल्यावरही हातात शिल्लक राहिलेलं. पुष्कळ बायांनी ही कहाणी उपास सोडायच्या आधी, पोटात काही नसताना ऐकली असेल. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर आपण देवाकडे वळलो याबद्दल त्यांना वाटणारी चुटपुट त्या म्हाताऱ्या बाईनं पुसून टाकली असणार. शिवाय राजाला त्याच्या तोंडावर चूक दाखवायची सोय झाली ती वेगळीच.

या कहाण्यांत सगळंच गोड नाही, हे खरं. नवऱ्याची मर्जी हे बक्षीस, मुलगा होणं हे बक्षीस, आणि वसा टाकला तर घरादाराची राखरांगोळी. शिवामुठीच्या कहाणीतल्या नावडतीला गुराखीण करून गोठ्यात ठेवतात. तिचा दोष काय, हे कहाणी विचारतही नाही. हा भाग मला आजही मोठ्यानं वाचवत नाही. पण सुना कशा राहत होत्या याची नोंद दुसऱ्या कुणी इतक्या सहजपणे ठेवली आहे? शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहिणीला भाऊ भर पंगतीतून उठवतो. दिवस पालटल्यावर तोच तिला सन्मानानं बोलावतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने उतरवून पाटावर मांडते आणि पक्वान्नं एकेका दागिन्यावर ठेवत जाते. बोलावणं मला नव्हतंच, यांना होतं. माहेरी असा प्रसंग आलेल्या बायांना इथे श्रद्धेपेक्षाही न्याय मिळत असावा.

आणि मग आदित्यराणूबाई. बाप लेकीकडे कहाणी सांगायला येतो. राणी झालेली लेक म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला निघालाय. प्रधानाच्या घरी दिलेली दुसरी लेक बसून ऐकते. राणीचं वैभव जातं, दुसरीचं टिकतं. पुढे राणीला उपरती होते आणि कहाणी ऐकायला कुणी उपाशी माणूस मिळतो का म्हणून ती वाटेवर शोधत निघते. मोळीविक्या भेटतो, विहीर आटलेला माळी भेटतो, मुलं गमावलेली म्हातारी भेटते. प्रत्येक वेळी सहा मोती निघतात. तीन सांगणाऱ्याच्या हातात, तीन ऐकणाऱ्याच्या. आणि फळ आधी ऐकणाऱ्याला मिळतं. माळ्याच्या विहिरीला पाणी लागतं, म्हातारीची मुलं परत येतात. व्यासपीठावर बसणाऱ्या समस्तांनी ही वाटणी एकदा नीट बघावी.

माझी आत्या साताऱ्याला एकटी राहते. कहाणी नुसती वाचून भागत नाही, ऐकणारं कुणी तरी लागतं, म्हणून श्रावणातल्या रविवारी तिचा फोन येतो. गेल्या वर्षी एकदा मी लोकलमध्ये होतो, कल्याणच्या अलीकडे.

‘हातात अक्षता घेतल्यास का?’

‘आत्या, गाडीत आहे मी. चणे आहेत.’

‘चालतील. पण खाऊ नकोस संपेपर्यंत.’

मी मूठ मिटून बसलो. समोरचा माणूस माझ्या मुठीकडे आणि माझ्या मधूनमधून ‘हं’ म्हणण्याकडे आळीपाळीनं बघत होता. कहाणी ठाकुर्ली गेल्यावर संपली. चणे मग त्याच्याही पुढे केले, त्यानं घेतले.

यंदा आत्याला घरीच ऐकणारं माणूस मिळालं आहे. शेजारची दुसरीतली पोर. सोमवारी मी तिकडे गेलो होतो तेव्हा दोघी देवापुढे बसल्या होत्या आणि खुलभर दुधाची कहाणी अडली होती. पोरीचा प्रश्न होता, म्हातारीनं राजाला सांगायला तीन सोमवार का लावले? पहिल्याच दिवशी का नाही बोलली? तोवर वासरं उपाशीच ना?

‘पुस्तकात नाही ते,’ आत्या म्हणाली.

‘मग तुम्ही सांगा.’

आत्यानं चष्मा काढला. पुस्तक मिटलं. बराच विचार करून म्हणाली, ‘अगं, पहिल्या सोमवारी ती बोलली होती. पुजाऱ्याला. त्यानं राजाला सांगितलंच नाही.’

‘का?’

‘त्याला दूध घरी न्यायला मिळत होतं.’

पोरीला ते पटलं. मलाही पटलं. पुढच्या सोमवारी हा पुजारी कहाणीत असणार आहे, आणि आता त्याचं काय करायचं यावर त्या दोघींचा वाद चालू आहे.