पिकल्या पानांचा हिशेब

साठी उलटलेल्या आम्हां मंडळींचा एक लाडका समज आहे: आता आमचे फिरणे थांबले, हौसमौज सरली, तेव्हा पृथ्वीवरचा आमचा भारही हलका झाला. जपानकडे पाहिले म्हणजे हा समज डळमळतो. तेथे दर 10 माणसांमागे जवळजवळ 3 पासष्टीच्या पुढचे. लोकसंख्या 2008 नंतर ओसरू लागली. कुटुंबांची संख्या मात्र वाढतच राहिली. 2020 च्या शिरगणतीत 100 पैकी 38 घरांत एकच माणूस होता. आठ जणांच्या घरात फ्रिज एक, आणि एकट्या आजीच्या घरातही एकच. थंडीत खोली उबदार ठेवायची तीही एकट्यासाठी तेवढीच. आमच्याकडेही मुले परदेशी गेल्यावर आठ खोल्यांत दोघेच उरतो, हिशेब तोच.

मग म्हातारा समाज नवे शोध लावण्यास असमर्थ ठरतो काय? जॉन गुडइनफ यांनी 1980 मध्ये लिथियम बॅटरीचा गाभा घडविला तेव्हा ते 57 वर्षांचे होते. 2019 चे नोबेल त्यांना मिळाले ते वयाच्या 97 व्या वर्षी!

अडचण बुद्धीची नाही, मनाची आहे. छपरावरची सौर तावदाने 25 वर्षे टिकतात, म्हणून आमच्यापैकी कित्येक जण विचारतात, "आता कुणासाठी?" रायवळ आंब्याची कोय पुरणाऱ्या आमच्या आजोबांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. त्या झाडाची सावली त्यांना लाभली नाही, आम्हांला लाभली.