पडलेला प्रोसेसर

येलदरी कॅम्प, ता. जिंतूर

चि. माईस, 

फोनवर तू इतकी भरभर बोललीस की निम्मं कळलंच नाही, आणि इथल्या रेंजचं तुला ठाऊकच आहे. म्हणून सावकाश लिहितो. मला समजलं ते असं: धूळ काढायला तू कूलर ओढलास, वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटून आला आणि फरशीवर पडला. तू तो परत बसवलास. आता पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच ‘बोर्ड गेला’ असा निकाल दिला.

आधी ते पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबणं थांबव. वायर काढ.

आमच्या पॉवर हाऊसला साडेसात मेगावॉटचे ३ सेट. सेट ट्रिप झाला की नवख्या ऑपरेटरचा हात रीसेटकडे जायचा आणि जुनी माणसं तो हात धरायची. कुठल्या रिलेचा फ्लॅग पडलाय ते लॉगबुकात उतरवल्याशिवाय रीसेट नाही. फ्लॅग एकदा उचलला की बिघाड कुठून सुरू झाला हे सांगायला कोणी उरत नाही. तुझ्या बोर्डावरही कडेला चार बारीक दिवे असतील: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सगळ्याच बोर्डांवर नसतात, पण शोध. गाडी जिथे अडते तिथला दिवा पेटून राहतो.

पंखे फिरतात यावर फार भरवसा ठेवू नकोस. त्याचा अर्थ पंख्यापर्यंत १२ व्होल्ट पोचले, एवढाच. बटण दाबल्यावर एसएमपीएस आधी आपले व्होल्टेज स्थिर करतो, मग बोर्डाला ‘पॉवर गुड’चा सिग्नल देतो. तोवर प्रोसेसर रीसेटमध्येच धरलेला असतो. सुटला की तो बायोसच्या चिपमधून सूचना उचलतो. मग रॅम, मग ग्राफिक्स, शेवटी डिस्क. तुझं मशीन या रांगेत कुठे थांबलं, एवढंच आपल्याला हवंय.

माझा संशय पिनांवर आहे. तुझा प्रोसेसर एएम४ जातीचा, म्हणजे १३३१ पिना त्याच्याच पोटाला. (इंटेलने २००४ मध्येच पिना सॉकेटात नेल्या, एएमडीने घरगुती प्रोसेसरांसाठी ते २०२२ मध्ये, एएम५ पासून केलं.) आणि एएम४ मध्ये खिट्टी लावलेली असली तरी प्रोसेसर उपटून येतो. कूलर काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करायची, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि नंतर उचलायचा. हे पुढच्या वेळेला.

आता प्रोसेसर बाहेर काढ. त्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव; श्रावणाच्या दमट हवेत स्टॅटिकची भीती कमी, तरी लाव. पिनांच्या रांगेकडे तिरप्या उजेडात आडवं बघ, मोबाइलने मोठा फोटो काढ. सरळ रांगेत वाकडी पिन लगेच डोळ्यात भरते. शिसं काढलेल्या ०.५ किंवा ०.७ च्या पेन पेन्सिलीचं टोक तिच्यावर चढव आणि थोडी थोडी सरळ कर. एकच पिन पुढे-मागे करत बसलीस तर तुटेल. सॉकेटात प्रोसेसर आपल्या वजनाने उतरला पाहिजे. दाबावं लागलं तर एखादी पिन अजून वाकडी आहे.

एखादी तुटलीच असेल तरी लगेच रडू नकोस. बऱ्याच पिना ग्राउंडच्या किंवा वीजपुरवठ्याच्या असतात, एकाच कामाला अनेक. त्यातली एक गेली तर प्रोसेसर बहुधा चालतो. सिग्नलची गेली तर मात्र कठीण. आणि इथेच दुकानदार फसतात. एएमडीने २००३ पासून रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरातच घातलाय, त्यामुळे वाकडी पिन पुष्कळदा रॅमच्या बिघाडाचं सोंग घेते. डीरॅमचा दिवा पेटला म्हणून नवी रॅम घेऊ नकोस; आधी तीच पट्टी दुसऱ्या चॅनेलच्या खाचेत घालून बघ. एका चॅनेलवर चालली आणि दुसऱ्यावर नाही, तर बहुधा पिनच.

नवी पेस्ट लावून कूलर घट्ट बसव. मग बोर्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेव: कूलर, रॅमची एकच पट्टी, ग्राफिक्स कार्ड, बाकी काही नाही. २४ पिनी कनेक्टरशिवाय प्रोसेसरजवळचा ८ पिनी वेगळा असतो, तो घाईत राहून जातो. तुझ्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘जी’ नसेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लाव. बोर्डाच्या खाचेतून चित्र येणारच नाही. पहिल्यांदा मशीन आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होईल. रॅम जुळवून घेत असतं, मध्ये हात घालू नकोस.

एवढ्यावरही अडलं, तर दिवा लिहून ठेव आणि मगच ती ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी काढून बायोस रीसेट कर. दर वेळी एकच गोष्ट बदल. मैत्रिणीची रॅम मागायला हरकत नाही. तिचा प्रोसेसर मात्र मागू नकोस. सॉकेटातच शॉर्ट असेल तर तिचाही जायचा.

तुझ्या प्रोजेक्टच्या फायलींची काळजी सोड. एसएसडीला त्या पडण्याशी काही देणंघेणं नाही. यूएसबीच्या डबीत घालून कुणाच्याही लॅपटॉपवर उघडेल.

कुठला दिवा पेटला ते कळव, पिनांचे फोटो पाठव. आणि आईजवळ नव्या बोर्डाच्या पैशांचा विषय इतक्यात काढू नकोस.

तुझा मामा