एकही कडवे गाळू नका!

कवितेतला नाद म्हणजे काय, हे आम्हांला शाळेत अलंकारांच्या तासाला शिकविले गेले. तेच अक्षर पुन्हा पुन्हा आले की अनुप्रास, चरणाच्या शेवटी जुळले की यमक! व्याख्या पाठ झाल्या, गुणही मिळाले. पण कवी तेच ते पुन्हा का म्हणतो, हे मला उमगले ते अकोटला, भुलाबाईच्या गाण्यांत.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात भुलाबाईचा महिना. मातीचे भुलोबा-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, घरात बसतात. संध्याकाळी मुली जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात.

या गाण्यांत काव्य ते कुठले, असे एखादा पंडित विचारील. ओळ तीच; बदलतो तो एखादाच शब्द. पण कारल्याच्या वेलाचे गाणे नीट ऐका. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचे बी लाव. ते लावून होते. मग कोंब फुटायला हवा, वेल वाढायला हवा, फूल यायला हवे, कारले धरायला हवे, त्याची भाजी व्हायला हवी! तेही सगळे झाले, की घरातला एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. दर कडव्यात एक काम उरकते आणि माहेर मात्र होते तेवढेच दूर राहते. ‘ती वाट पाहते आहे’ असे कोणी एका ओळीत सांगितले असते, तर आपण ऐकून पुढे गेलो असतो. हे गाणे तसे सांगत नाही. ते आपल्यालाच वाट पाहायला लावते.

आणखी एक. सासरी राहून सासूविषयी बोलण्याची सोय त्या काळी कुठल्या सुनेला होती? पण दहाजणींच्या सुरात मिसळलेला आवाज नेमका कोणाचा, हे कोण ओळखणार?

माझी आत्या तेराव्या वर्षी सासरी गेली. सासरबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. मात्र माहेरी आली की मुलींत येऊन बसे. खिरापतीच्या घाईने मुलींनी या गाण्यातली दोन कडवी गाळली, की ती हात वर करून त्यांना थांबवी.

“एकही गाळू नका, पोरीहो,” ती म्हणे, “तिनं तं सारी कामं केली!”

मग गाणे पुरे होईपर्यंत कोणी डब्याला हात लावीत नसे.