गाळणीतले कण

मागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी नातीला 'पाणी दे' म्हणायचं होतं, आणि शब्दच येईना. उजव्या हातातला कप निसटला. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत! "अहो, दवाखान्यात चला," ही म्हणाली. मी ऐकलं नाही. रोवणी चालू होती ना! चार दिवस तसेच घालवले. अशा झटक्यानंतरचे पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात, हे मला नंतर कळलं.

सालेकसाहून गोंदिया, तिथून नागपूर. तपासणीत मानेतली डावी कॅरोटिड धमनी ८० टक्के अरुंद निघाली. मेंदूच्या ज्या बाजूवर माझी वाणी आणि उजवा हात अवलंबून, तिकडे जाणारा हाच रस्ता. चाळीस वर्षं खडू आणि शब्दांवर जगलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, सत्तरीनंतर सहसा शस्त्रक्रिया बरी." २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रेस्ट' या २५०२ रुग्णांच्या अभ्यासात स्टेंटनंतर पक्षाघात जास्त दिसले, शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचे झटके जास्त, आणि वय वाढलं की पारडं शस्त्रक्रियेकडे झुकलं. पण माझी बायपास आधीच झालेली, हृदय दुबळं. म्हणून स्टेंट.

मग मी विद्यार्थी झालो. वहीत लिहून घेतलं. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. मोठ्या, मोकळ्या खिडक्यांची जाळी वाकड्या धमनीत छान वळते; पण मऊ थर खिडकीतून आत डोकावू शकतो. बारीक, बंद खिडक्यांची जाळी थर दाबून धरते. पण ताठ असते, वळणावर नीट बसत नाही. माझी धमनी सरळ आणि थर मऊ, म्हणून बंद जाळी.

खरी भीती मात्र थर चिरडताना सुटणाऱ्या कणांची. त्यासाठी अडथळ्याच्या पुढे छत्रीसारखी गाळणी उघडतात. रक्त वाहत राहतं, कण अडकतात. पण ती गाळणीही आधी त्याच अरुंद जागेतून न्यावी लागते! दुसरा उपाय म्हणजे अडथळ्याला हात लावण्याआधीच अलीकडे फुगा फुगवून प्रवाह थांबवायचा. त्या वेळी मेंदूला दुसऱ्या बाजूनं रक्त पुरायला हवं. माझी उजवी धमनीही फारशी धड नव्हती, म्हणून गाळणी.

मी जागाच होतो. उजव्या हातात दाबल्यावर वाजणारं रबरी खेळणं दिलं होतं. "बोलत राहा." मी एकोणतीसचा पाढा सुरू केला. फुगा फुगला तशी नाडी मंदावली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पाढा सुटला नाही.

नंतर डॉक्टरांनी गाळणी दाखवली. तीत तिळाएवढेही नसतील असे पिवळसर कण. त्यातला कोणता कण माझा कोणता शब्द घेऊन गेला असता, कोण जाणे! नातीचं नाव? हिचं?

आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, आणि तंबाखू कायमची बंद. स्टेंटनं एक जागा मोकळी केली. बाकीच्या धमन्या त्याच जुन्या आहेत.

असो. मंडळी, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, शब्द अडखळला आणि लगेच बरं वाटलं, तरी त्याच दिवशी निघा. रोवणी दुसरं कोणीही करेल.