जोतं उभं राहण्याआधी

वसई-विरारच्या बेकायदा इमारतींचा विषय निघाला की एक मागणी हमखास पुढे येते: महापालिकेवर सरकारचं कडक नियंत्रण हवं. पूर आला, इमारत पडली, पाणी आलं नाही, छापा पडला, दर वेळी तीच मागणी. मीही ती बरीच वर्षं करत आलो. या शहराचा रहिवासी म्हणून घरपट्टी भरताना, विकास आराखड्याचे नकाशे पाहताना, न्यायालयांचे आदेश वाचताना माझं मत हळूहळू बदलत गेलं. सरकारची देखरेख इथे कधीच कमी नव्हती. ती भरपूर होती, पण कायम उशिरा आली आणि कायम बंद फायलीत राहिली. घराचं जोतं उभं राहत असताना कुणी विचारलं नाही. त्यात माणसं राहायला गेली, मुलं शाळेत जाऊ लागली, कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि मग सरकारला कायदा आठवला.

इथली जमीन कशी वापरायची हे ठरवण्यात स्थानिक संस्थांपेक्षा राज्याचाच हात पहिल्यापासून मोठा आहे. 1988 मध्ये वसई तालुक्यातली हजारो हेक्टर हरित जमीन बांधकामाला मोकळी झाली, ती राज्य सरकारच्या निर्णयाने. त्याला विरोध करायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. वाड्या, विहिरी, केळीच्या बागा वाचवण्याची ती लढाई इथे अजून लोकांच्या बोलण्यात आहे. 1990 मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून सिडकोला नेमलं गेलं. सिडको ही राज्याची कंपनी. तिने तयार केलेला 2001 ते 2021 चा विकास आराखडा सरकारने मंजूर केला 2007 मध्ये, म्हणजे आराखड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपल्यावर. तोवर लोक थांबले नव्हते. 2001 च्या जनगणनेत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिकांची लोकसंख्या मिळून पावणेपाच लाखांच्या आत होती; 2011 मध्ये आजूबाजूच्या गावांसह महापालिकेची लोकसंख्या 12 लाख 22 हजार झाली. मुंबईत घर न परवडणारा माणूस चर्चगेट-विरार लोकलच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन घर शोधत होता, आणि त्याला कायदेशीर घर कुठे मिळेल याचं उत्तर देणारा कागद मंत्रालयात मंजुरीची वाट पाहत होता.

3 जुलै 2009 रोजी या चार नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून महापालिका झाली. गावांनी विरोध केला, आंदोलनं झाली, 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2024 मध्ये सरकारने ती गावं महापालिकेतच ठेवायचं जाहीर केलं. तेरा वर्षं त्या गावांना आपला कारभारी नक्की कोण हे ठामपणे सांगता येत नव्हतं. अशा अनिश्चित गावात बेकायदा चाळी पटकन वाढतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आयुक्त राज्य सरकार नेमतं. कलम 451 नुसार सरकार महापालिकेचा ठराव निलंबित करू शकतं, कलम 452 नुसार महापालिकाच बरखास्त करू शकतं. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 154 नुसार नियोजनाबाबत सरकार थेट निर्देश देऊ शकतं. विकास आराखड्याची अंतिम मंजुरी सरकारचीच. बेकायदा बांधकामाला नोटीस देणं, ते थांबवणं, पाडणं यासाठी दोन्ही कायद्यांत कलमं आहेत. महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत आणि प्रत्येकीला सहायक आयुक्त आहे. कायद्याच्या पुस्तकात जागोजागी पहारेकरी उभे आहेत.

तरीही नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात आचोळे हद्दीतल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या. ती जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. 41 इमारती एका रात्रीत होत नाहीत. खोदकाम, वाळूचे ट्रक, मिक्सर, स्लॅबमागून स्लॅब, मग विजेचे मीटर, मग घरपट्टी: प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी अधिकृत माणूस तिथे येऊन गेला असणार. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जुलै 2024 मध्ये पाडण्याचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही, आणि नोव्हेंबर 2024 पासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत सगळ्या इमारती पाडल्या गेल्या. दोन हजारांहून जास्त कुटुंबं बेघर झाली. न्यायालयाचा आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. राखीव जमिनीवरचं अतिक्रमण कायम ठेवलं असतं तर पुढचं प्रत्येक आरक्षण धोक्यात आलं असतं. पण एवढा कडक आदेश देण्याची वेळ आली, कारण आधीच्या साऱ्या पायऱ्यांवर कुणी काही केलं नाही. तोट्याची वाटणीही बघण्यासारखी आहे. घर गेलं ते विकत घेणाऱ्याचं. सांडपाणी केंद्र गेलं ते सगळ्या शहराचं. बारा लाखांहून मोठ्या या शहरात विरारमधल्या बोळिंजचं 30 दशलक्ष लिटर क्षमतेचं सांडपाणी केंद्र वर्षानुवर्षं एकटंच होतं, आणि बाकीचं सांडपाणी नाल्यांतून खाडीत आणि समुद्रात जात राहिलं. नियोजनाचं अपयश आणि आरोग्याचं अपयश इथे एकाच सर्व्हे नंबरवर भेटतात.

यावर सरकारी नियंत्रणाचे समर्थक म्हणतील की हे सगळं नगरसेवकांच्या राजकारणामुळे झालं, अधिकाऱ्यांच्या हाती कारभार दिला असता तर झालं नसतं. हा आक्षेप हलका नाही. बेकायदा बांधकामांत लोकप्रतिनिधींचे हितसंबंध असतात हे कायद्यानेच गृहीत धरलं आहे. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या बेकायदा बांधकामाबद्दल नगरसेवकाला अपात्र ठरवण्याची तरतूद त्यासाठीच आली. पण अधिकाऱ्यांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग या शहरात होऊन गेला आहे. जून 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ सरकारने नेमलेला प्रशासक कारभार पाहत होता. राज्यघटनेचं कलम 243 यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, आणि बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचना अशी कारणं येत गेली; शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच राज्यातल्या स्थानिक निवडणुका घ्यायला सांगावं लागलं. या काळात महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकार एकाच माणसाकडे होते. ज्याने प्रस्ताव मांडायचा, त्यानेच तो मंजूर करायचा.

सरकारच्या थेट नियंत्रणाच्या याच काळातली एक घटना आहे. मे 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या 41 इमारतींच्या प्रकरणात छापे घातले आणि नगररचना विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून साडेआठ कोटींहून जास्त रोकड आणि 23 कोटींहून जास्त किमतीचे दागिने जप्त केल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये माजी आयुक्तांसह चौघांना अटक झाली. माजी आयुक्तांची अटक उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये बेकायदा ठरवली, आणि आरोप सिद्ध व्हायचे आहेत तोवर कुणाला दोषी म्हणणं मला मान्य नाही. पण त्या जप्तीतून एक प्रश्न उरतोच. नगररचना विभागावर आयुक्त राज्याचा, त्याच्यावर नगरविकास खातं. इतकी साखळी असताना ती जप्ती तिच्या बाहेरच्या केंद्रीय यंत्रणेला का करावी लागावी? वरचा अधिकारी खालच्याची फायल बघतो, पण ती फायल नागरिकाला दिसत नाही. म्हणून दोघांनाही कुणी प्रश्न विचारू शकत नाही.

पैशाच्या बाजूनेही हेच चित्र आहे, आणि तिकडे कुणी फारसं लक्ष देत नाही याचं मला वाईट वाटतं. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, 2017 पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचं अनुदान दरमहा राज्याकडून येतं. महापालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीतून येणारी विकास शुल्कं उरली. जी संस्था बांधकामावर जगते तिला बांधकाम थांबवायला सांगायचं, हा ताण सरकारी हिशेबात कुठेच दिसत नाही. त्यात महानगरपालिका अधिनियमाचं कलम 267 अ. या कलमाने बेकायदा इमारतीवर मालमत्ता कराशिवाय शास्तीही लावता येते, आणि शास्ती भरली म्हणून इमारत कायदेशीर होत नाही हे तिथेच लिहिलं आहे. हेतू धाक बसवण्याचा होता. प्रत्यक्षात घरपट्टीची पावती हाच घर विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा पुरावा झाला. पालिका कर घेते म्हणजे इमारत पक्की, असं खरेदीदार समजला तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं? बेकायदा इमारतींकडून दर वर्षी किती कर आला आणि त्याच वर्षी त्यांतल्या किती थांबवल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापणारा लेखापरीक्षण अहवाल मी मागत आलो आहे. लेखापरीक्षक खर्चाची पावती तपासतो. उत्पन्न कशाच्या जिवावर आलं हेही त्याने विचारायला हवं.

दुसरा आक्षेप खरेदीदाराबद्दल असतो. स्वस्तात घर मिळतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे हे त्याला कळत होतं, मग आता रडायचं कशाला? काहींना कळत होतं, हे खरं. पण 2023 मध्ये विरारमध्ये उघडकीला आलेलं प्रकरण आठवावं. पन्नासहून अधिक इमारतींसाठी परवानग्यांचे बनावट कागद आणि शिक्के तयार केले होते. कल्याण-डोंबिवलीतही 65 इमारतींनी बनावट परवानगीवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती. महारेराचा क्रमांक आहे, दस्त नोंदवलेला आहे, मुद्रांक शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा आहे, अशा वेळी आणखी काय तपासायचं राहतं? दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, इमारतीची परवानगी खरी की खोटी हे पाहणं त्याचं काम मानलं जात नाही. म्हणजे राज्याचं एक खातं शुल्क घेऊन व्यवहारावर शिक्का मारतं आणि दुसरं खातं त्याच घराला नोटीस देतं. 2023 पासून महारेरा प्रारंभ प्रमाणपत्र खरं आहे का हे स्थानिक संस्थेकडून तपासून घेतं. ही सुधारणा योग्य आहे, पण ती यायला एवढी फसवणूक व्हावी लागली. आणि जी इमारत महारेराकडे जातच नाही तिला ती लागू नाही. विरार पूर्वेच्या विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही 2012 च्या सुमाराची चार मजली बेकायदा इमारत. 26 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्रीनंतर, गणेश चतुर्थीच्या पहाटेआधी, तिचा भाग कोसळला. 17 माणसं गेली. ती इमारत तेरा वर्षं उभी होती, आणि बेकायदा असल्याची नोंद व्हायला तेरा वर्षं लागत नाहीत.

मनुष्यबळ अपुरं आहे, हा प्रशासनाचा नेहमीचा खुलासा. तीनशे चौरस किलोमीटरहून मोठ्या हद्दीत थोडे अभियंते कुठे कुठे फिरणार? हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की फिरण्याचं काम नागरिकांना करू द्या. त्यासाठी त्यांच्या हातात कागद हवा. प्रत्येक प्रभागात सुरू असलेल्या बांधकामांची यादी, परवानगी क्रमांक, मंजूर मजले, जोते तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचं पद हे दर महिन्याला मराठीत लावलं, तर यादीत नसलेली इमारत शेजाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळेल. जोत्याच्या पातळीवर थांबवलेल्या इमारतीत कुणी राहत नसतं, कुणाचं कर्ज नसतं, पोलीस बंदोबस्त लागत नाही. आणि वीजजोडणी व दस्तनोंदणी दोन्ही त्याच यादीला जोडायला हव्यात.

सरकारचा हस्तक्षेप मुळातच नको, असं माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेत रस्ते, पुनर्विकास आणि मालमत्ता विभागांच्या कारभाराची तपासणी होऊन मार्च 2021 मध्ये अहवाल जाहीर झाला आणि सरकारने आयुक्त नेमले. त्यांचे अधिकार सुरुवातीला त्या विभागांपुरते होते, निवडून आलेली परिषद कायम राहिली, आणि आयुक्तांचे पुढचे अहवालही लोकांना वाचायला मिळाले. आपल्याकडे याच्या उलट घडलं: परिषद गेली आणि अहवाल आलाच नाही. प्रशासकाच्या पाच वर्षांत कोणते नगररचनेचे निर्णय झाले, कोणत्या आरक्षणांत बदल झाले, ठेवी आणि देणी किती राहिली, याचा एक हिशेब सरकारने या शहराला द्यायला हवा. तो मागण्याचा हक्क इथल्या प्रत्येक करदात्याला आहे, आणि नव्या महासभेने पहिलं काम म्हणून तो मागावा असं मला मनापासून वाटतं.

2021 पर्यंतचा आराखडा संपला आहे, पुढचा होईल. त्यात नवी आरक्षणं असतील: शाळा, मैदानं, दवाखाने, पावसाचं पाणी साठवायच्या जागा. जुलै 2018 मध्ये मिठागरांपासून रेल्वे रुळांपर्यंत पाणी भरलं होतं, हे लक्षात ठेवूनच त्या जागा ठरवाव्या लागतील. पण त्याआधी आचोळ्याच्या त्या जमिनीकडे पाहावं. दोन हजार कुटुंबांची घरं पाडून ती मोकळी केली आहे. सांडपाणी केंद्राचं काम कधी सुरू होणार, त्याला पैसा कुठून येणार आणि तोवर त्या जागेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची, एवढं लिहिलेला फलक तिथल्या रस्त्यावर आजच लावता येईल.