मांडीवरचा प्रवासी

दिवाळीला पुण्याहून नागपूरला जायचं कसं, हा आमच्या घरातला वार्षिक वाद. यंदा वादात एक नवीन मेंबर आहे. वय ९ महिने, वजन ९ किलो, मतदानाचा हक्क अजून नाही :)

सदरहून आईचा फोन आला. "काहून रे, एवढ्याशा बाळाला विमानात? कान दुखतात म्हणे. गाडीनं या ना आरामात, समृद्धी झाला ना आता!"

कानांचं तिचं खरं आहे. वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका होतो आणि उतरताना परत वाढतो. आपण जांभई देतो, आवंढा गिळतो, कान मोकळे होतात. बाळाला हे सांगणार कोण? म्हणून त्याला दूध पाजायचं. पण बरेच लोक टेक-ऑफलाच बाटली संपवतात. जास्त त्रास उतरताना होतो, आणि उतरणं साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं. तेव्हासाठी भूक राखून ठेवायची. बाळाला सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. झालं.

मला काळजी वेगळीच होती. २ वर्षांखालचं मूल आईबाबांच्या मांडीवर बसतं. ट्रॉलीसुद्धा नीट बंद कप्प्यात, आणि बाळ मात्र हातात!

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. त्यात मांडीवरची ४ मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं गेलं. त्यातलं एक दगावलं. मुलांना वेगळी सीट सक्तीची करा, अशी मागणी पुढे अनेक वर्षं चालली. २००५ मध्ये तिथल्या विमान नियामकानं सक्ती नाकारली. कारण? जादा तिकीट परवडलं नाही तर कुटुंबं कारनं जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त जीव जातील.

वाचून चिडलो होतो. मग समृद्धी आठवला. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पेटली, २५ माणसं गेली. तेव्हा पटलं, की त्या हिशेबात तथ्य आहे.

आता आपला हिशेब. कार ताशी ५० किमी वेगानं धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर ९ किलोचं बाळ क्षणभर सव्वाशे किलोचं होतं. कुठली आई, कुठला बाप धरून ठेवेल? विमानातल्या जोरदार गचक्यालाही हात पुरत नाहीतच, पण तसे गचके क्वचित येतात. रस्त्यावर करकचून ब्रेक रोजचाच.

म्हणून ठरलं: विमान. बाळासाठी जोडपट्टा मिळाला तर मागून घ्यायचा, आणि जमेल तेव्हा त्याला वेगळी सीट.

राहिला सोनेगाव विमानतळ ते सदर, जेमतेम दहा किलोमीटर. "दहा मिनिटांचंच तर आहे" म्हणत आपण बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसतो तो हाच टप्पा. सगळ्या प्रवासात माझ्या मते सर्वात धोक्याचा. त्यामुळे चाइल्ड सीट सामानात येतेय. मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायची.

तुम्हीही निघाला असाल तर दुपट्यांची संख्या कमी करा, पण ती सीट घ्या. असो, पॅकिंग बाकी आहे.